खुणांकित दस्तऐवजांचा कोष्टकरूप संचय

ज्या मजकुरात शीर्षक, परिच्छेद, नाव, दिनांक, रक्कम इ. भागांच्या आरंभी व शेवटी त्या भागांचे स्वरूप सांगणाऱ्या खुणा घातलेल्या असतात, त्यास खुणांकित दस्तऐवज म्हणतात. ओळी व स्तंभ यांच्या कोष्टकांनी बनलेल्या, व्यवहारात रिलेशनल डेटाबेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संबंधी विदागारात असे दस्तऐवज साठविणे आणि हवे तेव्हा पूर्णतः वा अंशतः परत मिळविणे, हा संगणकशास्त्रातील एक जुना व वरकरणी दिसतो त्यापेक्षा अवघड प्रश्न आहे. विश्वकोशातील नोंद हेच त्याचे उदाहरण घेता येईल. नोंदीला शीर्षक असते, तिच्यात परिच्छेद असतात, परिच्छेदात मधेच ठळक शब्द येतात आणि इतर नोंदींकडे निर्देश केलेला असतो. वाचकाला ती सलग वाचावयाची असते. संपादकाला मात्र अमुक नोंदीकडे निर्देश करणाऱ्या सर्व नोंदी हव्या असतात. पहिली गरज अखंड मजकुराची, तर दुसरी सुट्या घटकांची. या दोन गरजांमधील ओढाताण हाच या विषयाचा इतिहास होय.

या ओढाताणीच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीत, जवळजवळ एकाच वेळी जन्मास आल्या. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये जीएमएल ही खुणांची भाषा तयार केली. त्यांच्यापुढील काम वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रांचे होते. एकच मजकूर संपादित करता यावा, शोधता यावा आणि छापताही यावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे शोधाची गरज खुणांकनाला नंतर चिकटलेली नाही. ती मुळातच होती. याच कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये संबंधी प्रतिमान मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक विदागाराच्या बांधणीत पुढे रेमंड लोरी यांनीही भाग घेतला. खुणांकनाच्या तीन जनकांपैकी एक जण कोष्टकांच्या बाजूलाही काम करीत होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

तरीही दोन्ही कल्पना एकत्र आल्या नाहीत, याचे कारण तात्त्विक आहे. कॉड यांच्या प्रतिमानात कोष्टक म्हणजे ओळींचा गणिती अर्थाने संच; संचाला क्रम नसतो. शिवाय प्रत्येक घरातील मूल्य अविभाज्य असावे, असा दंडक. दस्तऐवजात मात्र क्रम हाच प्राण. परिच्छेदांची अदलाबदल केली की लेख राहत नाही. कलमांची अदलाबदल केली की करारनामा राहत नाही. त्याच्या घटकांत घटक, त्यांत आणखी घटक, अशी रचना वृक्षासारखी वाढते. अशा वृक्षरूप रचनेसाठी आयबीएमचेच आयएमएस हे विदागार १९६० नंतरच्या दशकापासून उपलब्ध होते. परंतु त्यात शोधाची वाट आधीच ठरलेली असे आणि वेगळा प्रश्न विचारावयाचा तर आज्ञावली नव्याने लिहावी लागे. कोष्टकांनी वृक्षांवर मात केली ती या मोकळेपणामुळे. जी गोष्ट दारातून घालविली तीच तीस वर्षांनी खिडकीतून परत आली.

दरम्यान जीएमएलच्या वाढीतून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये आणि त्याचे सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल १० फेब्रुवारी १९९८ रोजी सिद्ध झाले. संस्था एकमेकींना कागदपत्रे या रूपात पाठवू लागल्या. पण त्यांची जमाखर्चाची, ग्राहकांची व मालसाठ्याची माहिती तर कोष्टकांत होती. म्हणून दस्तऐवजांची चिरफाड करून ते कोष्टकांत बसविण्याच्या पद्धती शोधल्या जाऊ लागल्या. डॅनिएला फ्लोरेस्कू व डोनाल्ड कोसमन यांनी १९९९ मध्ये सुचविलेली पद्धत सर्वांत सोपी आहे. वृक्षातील प्रत्येक फांदीसाठी एक ओळ लिहावयाची आणि तीत जनक घटक, क्रमांक, खुणेचे नाव व अपत्य घटक वा मूल्य नोंदवावयाचे. कोणताही दस्तऐवज यात बसतो. पण पाच पायऱ्यांची वाट शोधावयाची तर तेच कोष्टक स्वतःशीच चार वेळा जोडावे लागते आणि सबंध दस्तऐवज परत उभा करणे फार खर्चाचे होते. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातील जयवेल षण्मुगसुंदरम व सहकाऱ्यांनी दस्तऐवजाचा नमुना आधी ठाऊक असेल तर त्यावरूनच कोष्टके आखण्याची रीत मांडली. ती जलद ठरली. नमुना बदलला की मात्र कोष्टकेही बदलावी लागत.

क्रम टिकविण्याचा प्रश्न क्रमांकनाने सोडविण्यात आला. एका रीतीत प्रत्येक घटकाला आरंभ व शेवट असे दोन आकडे देतात. ज्याचे दोन्ही आकडे दुसऱ्याच्या दोन आकड्यांमध्ये पडतात, तो त्याच्या पोटातला. दुसरी रीत ग्रंथालयातील ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणावरून आली असून टाटारिनोव्ह व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिची पद्धतशीर चर्चा केली. आपल्याकडे ती समजावयास ग्रंथालयात जाण्याचीही आवश्यकता नाही. सर्व्हे नंबर ४२ ची वाटणी होऊन ४२/१ व ४२/२ हे हिस्से पडतात, पुढे ४२/१ चेही हिस्से होतात. तरी शेजारच्या ४३ ला धक्का लागत नाही आणि कोणता तुकडा कोणाच्या पोटातला हे नंबरावरूनच कळते. अडचण येते ती मधे नवा परिच्छेद घालताना, कारण मग पुढच्या भावंडांचे क्रमांक बदलावे लागतात. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २००४ मध्ये यावर तोड काढली. आरंभी फक्त विषम आकडे वापरावयाचे आणि सम आकडे नंतरच्या भरतीसाठी राखून ठेवावयाचे. तलाठ्यालाही पसंत पडावी अशी ही युक्ती आहे.

व्यापारी विदागारांनी यानंतर दोन्ही पक्ष सांभाळले. ओरॅकलने २००१ मध्ये कोष्टकाच्या स्तंभात सबंध एक्सएमएल दस्तऐवज ठेवण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये व आयबीएमने २००६ मध्ये तसेच केले. एसक्यूएल या पृच्छाभाषेच्या २००३ च्या मानकात यासाठी स्वतंत्र भाग जोडण्यात आला. एक्सक्वेरी ही वृक्षरूप दस्तऐवजांची पृच्छाभाषा २००७ मध्ये मान्यता पावली. तिच्या शिल्पकारांत, एसक्यूएलच्याही जनकांपैकी एक असलेले डोनाल्ड चेंबरलिन होते. कॉड यांचा अविभाज्य मूल्याचा दंडक अशा रीतीने मोडला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मोडणेच योग्य होते. मोडावयास तीस वर्षे लागली ती दंडकाच्या प्रतिष्ठेमुळे.

या इतिहासाचा मुंबईशी, विशेषतः गोरेगावाशी, संबंध येतो तो बँकांच्या मार्गाने. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात सिटीकॉर्पच्या सॉफ्टवेअर उपक्रमातून वाढलेल्या कंपनीने १९९७ मध्ये ‘फ्लेक्सक्यूब’ ही बँकिंग प्रणाली बाजारात आणली. ही कंपनी २००० मध्ये आय-फ्लेक्स सोल्युशन्स झाली. सिटीग्रुपकडील तिचे भाग घेण्याचा करार ओरॅकलने २००५ मध्ये केला आणि २००८ मध्ये तिचे नाव ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर असे झाले. तिचे नोंदणीकृत कार्यालय गोरेगाव पूर्वेस पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. फ्लेक्सक्यूबचा पाया संबंधी विदागाराचा; पण बाहेरच्या प्रणालींशी ती बोलते ते शीर्षभाग व मुख्यभाग असलेल्या एक्सएमएल संदेशांतून. ज्या विद्यापीठीय वादाचा वर उल्लेख केला, तो येथे रोजच्या कामाचा भाग होतो.

भारतातील व्यवहारांचा ओघही त्याच दिशेने वळला. रिझर्व्ह बँकेची मोठ्या रकमांची आरटीजीएस यंत्रणा १९ ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकाचे एक्सएमएल संदेश वापरू लागली; २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचे संदेशही एक्सएमएलचेच असून ते अंकीय स्वाक्षरीने मुद्रांकित केलेले असतात. अशा संदेशातील रक्कम, दिनांक व खाते क्रमांक कोष्टकाच्या स्तंभांत सहज बसतात. पत्त्याचे तसे नाही. ‘खोली क्र. ७’, ‘दुसरी चाळ’, ‘गोरेगाव पूर्व’, ‘मुंबई ४०००६३’ अशा एकाच खुणेच्या चार ओळी आल्या आणि त्यांचे क्रमांक न नोंदविता त्या चार पंक्तींत ठेवल्या, तर परत मिळताना त्या कोणत्या क्रमाने येतील याची हमी विदागार देत नाही. अशी चूक वर्षानुवर्षे दिसून येत नाही. पाठविलेले पत्र परत आले म्हणजे ती उघडकीस येते.

याहून गंभीर प्रश्न पुराव्याचा आहे. बँकेच्या पुस्तकांतील नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य मानण्याची तरतूद १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अधिनियमाने केली आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने ती संगणकीय नोंदींनाही लागू झाली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्याचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, नमूद करावा लागतो. मजकुरातील एक रिकामी जागा कमीजास्त झाली तरी हा ठसा बदलतो. अंकीय स्वाक्षरी पडताळताना गुणधर्मांच्या क्रमासारखे काही फरक आधी समान करून घेतले जातात, पण दोन घटकांमधील रिकाम्या जागा त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे संदेशाची चिरफाड करून मूळ टाकून दिले आणि वाद उद्भवल्यावर कोष्टकांवरून तो पुन्हा जुळविला, तर अर्थाने तंतोतंत तोच असलेला संदेश स्वाक्षरीच्या कसोटीस उतरत नाही. पैसे न मिळाल्याची तक्रार करणाऱ्या खातेदाराच्या दृष्टीने हा फरक केवळ तांत्रिक नव्हे. म्हणून मूळ संदेश जसाच्या तसा एका स्तंभात ठेवणे आणि शोधासाठी लागणारे घटक त्यातून काढून वेगळ्या स्तंभांत नोंदविणे, ही दुहेरी पद्धत सर्वांत सुरक्षित ठरते. तिच्यात जागा अधिक लागते आणि दोन्ही प्रतींचा मेळ राखावा लागतो. मूळ जतन करावयाचे तर एवढा भुर्दंड सोसणे भाग आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही दुहेरी पद्धत आणखी एका कारणाने अपरिहार्य होते. युनिकोड या लिपिसंकेतात ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात व युनिकोडही त्यांना समतुल्य मानतो. परंतु संकेतांक जसेच्या तसे ताडून पाहणाऱ्या विदागाराला ते दोन भिन्न शब्द वाटतात आणि ‘गोऱ्हे’ आडनावाचा खातेदार असूनही सापडत नाही. शोधासाठी सर्व नावे एका रूपात आणणे हा त्यावरील उपाय. मात्र हा बदल मूळ संदेशातच केला तर स्वाक्षरी निकामी होते. म्हणून एकरूप केलेले नाव शोधाच्या स्तंभात जाते आणि संदेशातील नाव पाठविणाऱ्याने लिहिले तसेच राहते.