पैनगंगेच्या दोन काठांवरचं एक गाणं

मागच्या दोन लेखांत आपण गृहीतक कसं मांडायचं आणि सिनॉप्सिसमध्ये काय लिहू नये ते पाहिलं. आजचा लेख इतिहासावर आहे. मी एमएस्सी केमिस्ट्रीवाला, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण हॉस्टेलवरच्या एका भांडणामुळे मागचे काही महिने मी फावल्या वेळात १९३८ साल वाचतोय, आणि पीएचडीला बसणाऱ्यांच्या उपयोगाचं त्यात बरंच सापडलं.

आधी भांडण. हॉस्टेलच्या कॉमन हॉलमध्ये काही मुलं संध्याकाळी भजन म्हणायची. दोघा-तिघांनी तक्रार केली की हॉल सगळ्यांचा आहे. मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की गाणं हे स्वातंत्र्य आहे, ज्याला ऐकायचं नाही त्यानं रूममध्ये बसावं. कळमनुरीकडचा माझा एक मित्र फिजिक्सला आहे. तो मेसवर म्हणाला, "लेका, नियम चांगलाय तुझा. फक्त पोरं बदलून बघ. उद्या त्याच हॉलमध्ये दुसऱ्यांनी त्यांचं काही म्हणायला घेतलं, तर तू जाऊन बसशील का रूममध्ये?"

मी गप्प बसलो. लॅबमध्ये ब्लँक घेतल्याशिवाय मी एकही रीडिंग खरं मानत नाही, आणि इथे न तपासलेला नियम मी साठ जणांच्या ग्रुपवर ठोकून दिला होता.

आता १९३८ कडे येऊ. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो. नावातच नाका आहे. तिथली पैनगंगा ही तेव्हाची हद्द. पलीकडचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा असला तरी १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि १९३७ च्या निवडणुकांनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं. म्हणजे नदी एक, दोन्ही काठांवर बोलतात मराठी, पण अलीकडे निजामाचं फर्मान आणि पलीकडे निवडून आलेलं सरकार. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नैसर्गिक प्रयोग आहे. बाकीच्या बऱ्याच गोष्टी सारख्या, बदलली फक्त सत्ता.

अलीकडचा काठ आधी बघू. संस्थानात १९२९ पासून 'गश्ती निशान ५३' नावाचं परिपत्रक लागू होतं. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी हवी. त्यामुळे आपल्याकडे राजकारण बराच काळ ग्रंथालय, खासगी शाळा आणि साहित्य-संस्कृतीच्या परिषदा यांच्या आडून चाललं. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं तेही याच वातावरणात. सप्टेंबर १९३८ मध्ये तर स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. कारण काय दिलं? ती जातीय संघटना आहे, तिच्यामुळे समाजात तेढ वाढेल. 'शांतता' हा शब्द इथे पहिल्यांदा नीट बघून ठेवा, तो पुन्हा येणार आहे. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरअखेर गांधीजींच्या सल्ल्याने थांबवला गेला.

या दोन महिन्यांच्या मधोमध उस्मानिया विद्यापीठाचं प्रकरण घडलं. उस्मानियाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे विद्यापीठ सहजासहजी वाईट म्हणता येत नाही. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं जायचं. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण माध्यम भारतीय भाषा. सगळा देश इंग्रजीतून डिग्री घेत असताना हैदराबादने भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून शेकडो पुस्तकं उर्दूत आणली, नवीन परिभाषा घडवली. मातृभाषेतून विज्ञान शिकवता येतं का, यावर आपण आजही चर्चासत्रं घेतो. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ते करून दाखवलं होतं.

पण ते कुणाच्या मातृभाषेतून? संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलायचे, पाव भाग मराठी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू. उर्दू ही साधारण बारा टक्क्यांची भाषा. म्हणजे वसमतच्या किंवा औंढ्याच्या पोराला इंग्रजीच्या जागी उर्दू आली, एवढाच फरक. संस्था एकच, ती एका बाजूने मुक्त करणारी आणि दुसऱ्या बाजूने अन्याय करणारी. सिनॉप्सिस लिहिताना अशा संस्थेला एका विशेषणात बसवायचा मोह होतो. तो टाळा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि मग हैदराबादच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. विद्यार्थी म्हणाले, आमच्या प्रार्थनेच्या जागेत आम्ही काय म्हणायचं ते आम्ही ठरवू. अधिकारी म्हणाले, हे गीत प्रार्थना नाही, ते राजकीय आहे, इतरांच्या भावना दुखावतात. विद्यार्थी मागे हटले नाहीत. शेकडो जणांना काढून टाकलं गेलं, आणि त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. रामचंद्र राव नावाच्या एका कार्यकर्त्याच्या नावामागे तर 'वंदेमातरम्' हे कायमचं चिकटलं.

मराठवाड्यात शाळेत आपण ही गोष्ट १७ सप्टेंबरच्या भाषणात ऐकतो आणि ती इथेच संपते. मीही इथेच थांबलो असतो. पण मित्राचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून नदी ओलांडली.

त्याच नोव्हेंबर १९३८ मध्ये मुस्लिम लीगने पिरपूरच्या राजांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल आला. काँग्रेसच्या प्रांतांत मुसलमानांवर काय अन्याय होतो याची ती यादी होती. अहवाल राजकीय होता, काँग्रेसने त्यातले आरोप फेटाळले, आणि तो पुरावा म्हणून वापरताना सावध राहायलाच हवं. पण त्यातल्या तक्रारींत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, शाळांत आणि सार्वजनिक संस्थांत 'वंदे मातरम्' म्हटलं जातं, मुसलमान मुलांनाही त्यात ओढलं जातं. दुसरी मध्य प्रांतातल्या 'विद्यामंदिर' योजनेबद्दल, सरकारी पैशाच्या शाळेला 'मंदिर' हे नाव का, अशी. नागपुरातल्या ज्या सरकारच्या राज्यात आपल्याकडच्या मुलांना आसरा मिळाला, तक्रार त्याच सरकारविरुद्ध होती.

गाणं तेच होतं आणि महिनाही तोच. अलीकडे म्हटलं म्हणून कॉलेज गेलं, पलीकडे म्हणावं लागतं म्हणून तक्रार.

हे दोन्ही वाचून "म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच" असं म्हणू नका. मला ते आळशी उत्तर वाटतं. उस्मानियात एका सरंजामी सत्तेने मुलांचं शिक्षणच तोडलं. वऱ्हाडात निवडून आलेलं सरकार होतं, त्याच्याविरुद्ध बोलायची, अहवाल छापायची मोकळीक होती. गश्ती निशान ५३ खाली असा अहवाल परभणीत वाचूनही दाखवता आला नसता. दोन्हींत हा फरक मोठा आहे. पण ज्या मुलाला न पटणारी ओळ म्हणावी लागते, त्याचा प्रश्न या फरकाने सुटत नाही.

काँग्रेसला हे कळत नव्हतं असंही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे दोन्ही काठांवरच्या वादाच्या वर्षभर आधी, रवींद्रनाथ टागोरांचा सल्ला घेऊन कार्यसमितीने ठरवलं होतं की सभांमध्ये पहिली दोनच कडवी म्हणावीत, आणि सोबत किंवा बदल्यात दुसरं आक्षेप नसलेलं गीत म्हणायला आयोजक मोकळे आहेत. काहींना ही माघार वाटली, काहींना हे अपुरं वाटलं. मला त्यातला 'बदल्यात' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. बहुसंख्य असलेल्या पक्षाने स्वतःच्या आवडत्या गाण्याला पर्याय ठेवला होता. गावोगावच्या शाळांपर्यंत तो पर्याय पोचला का, हा वेगळा प्रश्न.

एक गोष्ट मध्येच सांगतो. संस्थानात तेव्हा साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. हिंगोलीच्या आसपासच्या तांड्यांवरच्या, आंध आदिवासींच्या, दलित वस्त्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहात काय गायचं हा प्रश्नच नव्हता, कारण वसतिगृह दूरच, शाळाच नव्हती. स्वातंत्र्याचे वाद पुष्कळदा आत आलेल्यांमध्ये होतात. दाराबाहेर कोण आहे हे त्या कागदांत सापडत नाही, म्हणून संशोधकाने ते मुद्दाम शोधावं लागतं.

पुढचं साल आणखी अवघड आहे. रझाकारांनी मराठवाड्यात जे केलं ते आपल्या घराघरांत सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते मुसलमान होते, हे भाषणांत फारसं येत नाही. आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेची चौकशी करायला नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने शेजारचं नांदेड धरलं होतं. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. मी पंधरा वर्षं झेंड्याला सलाम केला, आणि हे नाव पहिल्यांदा एमएस्सी झाल्यावर ऐकलं. पोरं बदलून बघायची कसोटी गाण्यापुरती सोपी असते. इथे ती लावताना हात थरथरतो, पण लावावी लागते.

न्यायालयात ही कसोटी लागली ती खूप उशिरा आणि खूप दूर, केरळात. जुलै १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाचे साक्षी पंथातली. 'जन गण मन' सुरू असताना ती आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ११ ऑगस्ट १९८६ ला बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांना परत घ्यायला सांगितलं. युक्तिवाद साधा आहे. १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणं किंवा त्यात अडथळा आणणं गुन्हा आहे, न म्हणणं नाही. अभिव्यक्तीच्या हक्कात गप्प राहणंही येतं. उभं राहण्यात आदर आहे, तेवढी जबाबदारी त्या मुलांनी पाळलीच होती.

हा निकाल घेऊन मी पुन्हा १९३८ मध्ये गेलो. उस्मानियाच्या मुलांना लावला, ती सुटतात. पलीकडच्या काठावरच्या मुलांना लावला, तीही सुटतात. आणि 'शांतता' या कारणावर दोन्हीकडे अधिकाऱ्यांना आधी दाखवावं लागतं की कुणाचं नेमकं काय बिघडलं. एकाच नियमाने दोन्ही रीडिंग जुळली, तेव्हा मला तो नियम वाटला. माझा ग्रुपवरचा मेसेज तसा नव्हता. तो मी नंतर डिलीट केला. हॉल आता सात ते आठ कुणीही मागावा, यादीत नाव लिहावं, आणि त्या वेळेत अभ्यासाला दुसरी खोली उघडी ठेवावी असं ठरलंय. यादीत आतापर्यंत भजनाबरोबर कव्वाली, एकदा भीमगीतं आणि तीनदा कॅरम आहे.

ज्यांना इतिहासात विषय हवा आहे त्यांच्यासाठी शेवटी एक. १९३८ मध्ये नागपूरला जाऊ शकलेल्यांची नावं पुस्तकांत आहेत. ज्यांच्या घरी नागपूरचा खर्च झेपत नव्हता, त्यांचं काय झालं? त्यातले कितीजण शेतीत, दुकानात, मास्तरकीत गेले? तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वसमत, कळमनुरी, हिंगोलीत, पणजोबांच्या ट्रंकेत उर्दूतली सनद किंवा कॉलेजातून काढल्याचं पत्र अजून असू शकतं. कुणाच्या घरी असेल तर फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन करू नका, आणि उर्दू वाचता येणारं कुणी शोधा. मीही सध्या शिकतोय, अलिफपासून.