चार्लीज आन्ट (१९२५)
ब्रँडन टॉमस यांच्या १८९२ मधील याच नावाच्या लोकप्रिय इंग्रजी प्रहसनावर आधारित अमेरिकन मूक विनोदपट. स्कॉट सिडनी यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून चार्ली चॅप्लिन यांचे सावत्र बंधू सिड चॅप्लिन हे त्यात प्रमुख भूमिकेत आहेत. ऑक्सफर्डमधील दोन विद्यार्थ्यांना आपल्या प्रेयसींना भोजनास बोलवायचे असते. परंतु तत्कालीन शिष्टाचारानुसार वडीलधाऱ्या स्त्रीची उपस्थिती आवश्यक असल्याने आणि त्यांपैकी चार्ली या विद्यार्थ्याच्या ब्राझीलहून यायच्या धनाढ्य मावशीचे आगमन लांबल्याने ते आपल्या एका मित्रालाच मावशीचा वेष देतात, आणि संपत्तीच्या लोभाने एक वृद्ध गृहस्थ या तोतया मावशीच्या मागे लागतात. मूळ प्रहसनाचे बळ चुरचुरीत संवादांत होते. मूकपटात संवाद केवळ पडद्यावर मधूनमधून झळकणाऱ्या लिखित पाट्यांतूनच (मध्यशीर्षकांतून) देता येत असल्यामुळे विनोदाचा भार अपरिहार्यपणे आंगिक अभिनयावर, म्हणजे चालणे, पळापळ आणि सावरून घेण्याच्या हालचालींवर आला, आणि तो सिड चॅप्लिन यांनी समर्थपणे पेलला, हेच या चित्रपटाचे खरे यश होय. याच प्रहसनावरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ हे नाटक लिहिले. त्यातील विजय चव्हाण यांची मावशी विशेष गाजली.