वाळवंटांतील एक लष्करी मोटार व जीर्णोद्धाराचा प्रश्न

जुन्या पोथीचा जीर्णोद्धार कोठवर करावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. पुसट अक्षर नव्या शाईनें गिरविणारा लेखक पोथी राखतो कीं पुरावा पुसतो? दुसऱ्या महायुद्धांतील एका मालमोटारीच्या बाबतींत हाच वाद उपस्थित होतो.

1940 सालीं मेजर राल्फ बॅग्नोल्ड यांनीं ईजिप्तमध्यें 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' हें पथक उभारलें. शत्रूच्या पिछाडीस शेंकडों मैल वाळवंटांत शिरून टेहळणी करणें हें त्याचें काम. प्रस्तुत मोटार त्याच पथकाची, शेव्हरोले कंपनीची, दीड टन भार वाहणारी. अशा मोटारी कांहीं बाजारांतून घेतल्या, कांहीं ईजिप्तच्या सैन्याकडून मागून आणल्या, व त्यांचीं दारें, टप व पुढची कांच काढून टाकली. रेडिएटरमधील वाफ वायां जाऊं नये म्हणून तेथून एक नळी पाण्याच्या डब्यांत सोडीत. वाफ त्यांत निवे, आणि इंजिन थंडावलें कीं तेंच पाणी परत ओढलें जाई. सूर्यछायेवरून दिशा दाखविणारें यंत्र खुद्द बॅग्नोल्ड यांनीं सिद्ध केलें होतें. शंकुच्छाया जाणणाऱ्या आपल्या ज्योतिष्यांस त्याचें तत्त्व समजावून सांगावयास नको.

युद्धांत सोडून दिलेली ही मोटार सुमारें चाळीस वर्षें लिबियाच्या वाळूंत पडून होती. पुढें 1980 नंतरच्या दशकांत ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्यें आली. तेथील अधिकाऱ्यांनीं तिला रंग लाविला नाहीं, गंज खरवडला नाहीं. सांपडली तशीच ठेविली. आमच्या मतें हें उत्तम झालें. वाऱ्यानें घासलेला पत्रा, पथकानें कापलेल्या कडा, घाईनें मारलेलीं भोकें हाच तिचा लेख होय.

इतरत्र संग्राहक वाळूचा फवारा मारून गंज उडवितात, दुसऱ्या मोटारीचे भाग जोडतात, नवा रंग देऊन गाडी चालू करतात. त्यांत पाप नाहीं; यंत्राची चाल चालत्या यंत्रावरूनच कळते. मात्र फवाऱ्यापूर्वीं रंगाचे थर तपासावे, क्रमांक उतरून घ्यावे, छायाचित्रें काढावीं, आणि नव्या भागांवर खूण करावी. पाठ संशोधितांना पदरचें अक्षर आम्ही कंसांत घालतों, तसेंच हें आहे.