ऑफ-रोड वाहनचालनातील टायरचा दाब

ऑफ-रोड वाहनचालनातील टायरचा दाब म्हणजे वाळू, चिखल, बर्फ, दगडगोटे अशा कच्च्या पृष्ठभागावर वाहन चालविताना टायरमध्ये राखला जाणारा हवेचा दाब होय. पक्क्या रस्त्यासाठी उत्पादकाने ठरवून दिलेला दाब अशा भूभागावर बहुधा जास्त ठरतो, म्हणून तो तात्पुरता कमी केला जातो आणि पक्का रस्ता लागताच पूर्ववत केला जातो. चालकांच्या बोलीत यास 'हवा काढणे' व 'हवा भरणे' असेच म्हणतात. भारतात हा दाब पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, या एककात मोजण्याचा प्रघात आहे. एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा, वाहनाची जमिनीपासूनची उंची आणि टायरची नक्षी यांची चर्चा जितकी होते, तितकी दाबाची होत नाही. प्रत्यक्षात रुतलेली अनेक वाहने केवळ हवा कमी केल्याने बाहेर निघतात. मात्र हवा काढण्यापेक्षा ती वेळेवर परत न भरण्यातच अधिक धोका आहे.

इतिहास

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी तसे टायर मोटारीला लावून दाखविले. सुरुवातीचे मोटारींचे टायर अरुंद असून त्यांत हवा फार दाबाने भरावी लागे. १९२० च्या दशकात रुंद आणि कमी दाबाचे 'बलून' टायर प्रचारात आले.

वाळूत टायरचा दाब कमी करण्याच्या तंत्राशी राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचे नाव विशेषत्वाने जोडले जाते. इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना त्याने सहकाऱ्यांसह फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी आणि पुढे मॉडेल ए मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात मोहिमा काढल्या. त्या काळी मोटारीने ओलांडण्यास अशक्य मानल्या गेलेल्या वाळूच्या टेकड्या या हलक्या मोटारींनी पार केल्या. टायरमधील हवा कमी करणे, रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी पट्ट्या घालणे, रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारे पाणी पुन्हा गोळा करणे आणि दिशा ओळखण्यासाठी सूर्य-होकायंत्र वापरणे ही या मोहिमांची मुख्य साधने होती. वाळवंटात वाहन कायमचे रुतणे म्हणजे पाणी संपण्यापूर्वी पायी परतण्याची वेळ येणे, त्यामुळे या युक्त्या निव्वळ सोयीसाठी नव्हत्या. वाळूच्या हालचालींवरील बॅग्नॉल्डचा शास्त्रीय ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली बॅग्नॉल्डनेच उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या तुकडीने हे तंत्र लष्करी ट्रकांसाठी वापरले. या तुकडीच्या धर्तीवर ब्रिटिश हिंदी सैन्याच्या घोडदळ पलटणींतून 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' उभारण्यात आली. याच युद्धातील 'डक' या अमेरिकी उभयचर ट्रकला चालकाच्या जागेवरून टायरचा दाब कमी-जास्त करण्याची सोय देण्यात आली. समुद्रातून वाळूवर आणि वाळूवरून रस्त्यावर येणाऱ्या या वाहनाला प्रत्येक वेळी थांबून हवा भरणे शक्य नव्हते. युद्धोत्तर काळात सोव्हिएत संघाच्या झिल कंपनीचे ट्रक आणि पुढे अमेरिकी सैन्याची हमवी या वाहनांत अशा केंद्रीय यंत्रणा आढळतात.

कार्यतत्त्व

वाहनाचा भार मुख्यतः टायरमधील दाबाखालची हवा पेलते. त्यामुळे टायर जमिनीला जेथे टेकतो त्या भागाचे क्षेत्रफळ स्थूलमानाने चाकावरील भार भागिले दाब एवढे असते. सुमारे २००० किलो वजनाच्या वाहनात प्रत्येक चाकावर ५०० किलो भार येतो असे धरल्यास, ३५ पीएसआय दाबाला हे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येते. दाब १८ पीएसआयवर आणल्यास ते ३९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षातील आकडे यापेक्षा काहीसे वेगळे असतात. पण दाब निम्मा केला की ठसा जवळपास दुप्पट होतो, हे सूत्र ढोबळपणे खरे ठरते.

हवा कमी केल्याने टायर रुंद होतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धवट आहे. ठशाची रुंदी थोडीच वाढते. वाढते ती मुख्यतः लांबी. लांब ठसा रणगाड्याच्या पट्ट्याप्रमाणे काम करतो. भार लांबवर विभागला जाऊन चाक कमी रुतते आणि चाकापुढे वाळूचा बांध तयार होत नाही. हा बांध सतत चढत राहणे हेच वाळूत इंजिनाची शक्ती वाया जाण्याचे मोठे कारण असते. याशिवाय सैल टायर खडकाच्या कंगोऱ्यांवर, मुळांवर आणि खळग्यांत स्वतःचा आकार जुळवून घेतो, त्यामुळे पकड वाढते व धक्के कमी बसतात.

या फायद्यांची किंमतही चुकवावी लागते. कमी दाबाचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो आणि वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग व भार जितका अधिक तितकी ही उष्णता वाढते आणि एका मर्यादेनंतर रबर व आतील दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. दुसरा धोका टायर रिमवरून निसटण्याचा. टायरची कडा रिमला हवेच्या दाबानेच चिकटून राहते. दाब फार कमी असताना चाक झटक्याने वळविले किंवा उतारावर गाडी आडवी घसरली तर ही कडा सुटून टायर एकाएकी रिकामा होतो. खेळासाठी सज्ज केलेल्या वाहनांत टायरची कडा बाहेरून बोल्टने आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिम वापरतात, त्यामुळे अतिशय कमी दाबही राखता येतो.

भूभागानुसार दाब

पुढील आकडे मध्यम वजनाच्या, चारही चाकांना शक्ती असलेल्या आणि नेहमीचे रेडियल टायर बसविलेल्या वाहनांसाठी सर्वसाधारणपणे सांगितले जातात. वाहनाचे वजन, टायरचा आकार व भिंतीचा ताठपणा यांनुसार ते बदलतात. सामान व टपावरील ओझ्याने भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा दाब लागू पडत नाही.

मुरमाच्या व खडीच्या रस्त्यावर दाब थोडासाच, म्हणजे २५ ते २८ पीएसआयपर्यंत कमी करतात. अशा रस्त्यांवर पन्हळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे तयार होतात. दाब कमी केल्याने त्यांचे हादरे सौम्य होतात आणि टोकदार खडीने टायर फाटण्याची शक्यताही काही प्रमाणात घटते.

सर्वाधिक फरक वाळूत पडतो. सामान्य सैल वाळूत १५ ते २० पीएसआय आणि अतिशय मऊ टेकड्यांवर त्याहूनही कमी दाब ठेवतात. वाळू लागण्यापूर्वीच हवा काढणे इष्ट असते. रुतल्यानंतर जोराने अॅक्सिलरेटर दाबल्यास चाके स्वतःसाठी खड्डा खणतात आणि गाडीचे पोट वाळूवर टेकते. त्या अवस्थेत चाकांपुढची व पोटाखालची वाळू फावड्याने काढून, दाब आणखी कमी करून, आल्या चाकोरीने हळूहळू मागे येणे हा सामान्यतः सर्वांत खात्रीचा उपाय असतो. समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली वाळू टणक असते, तर भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू भुसभुशीत असते. टणक पट्ट्यावरून निघालेली गाडी रुतली तर पाणी परत येण्यापूर्वी तिला काढण्यास हाताशी काही तासच उरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या कगारी (पूर्वीचे फ्रेझर) बेटावरील लांबलचक किनारा अधिकृत रस्ता म्हणून वापरला जातो. तेथे चालक प्रवासाची वेळ ओहोटीनुसार ठरवतात.

चिखलाबाबत एकच नियम सांगता येत नाही. चिखलाचा थर खोल असून त्याखाली टणक तळ नसेल, तर वाळूप्रमाणेच दाब कमी करून गाडी वर तरंगती ठेवणे उपयोगी पडते. थर पातळ असून खाली मुरूम किंवा खडक असेल, तर अरुंद व अधिक दाबाचा टायर चिखल कापून तळापर्यंत पोहोचतो आणि तेथे पकड मिळवतो. दख्खनच्या पठारावरील काळी माती ही यातील अवघड बाब आहे. पावसाळ्यात फुगलेली ही माती टायरच्या नक्षीतील खाचांत घट्ट भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दाब कितीही असला तरी चाक फिरत राहते. भातखाचरांत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, यामागे रबरी टायरची हीच मर्यादा आहे.

खडकाळ वाटेवर १८ ते २२ पीएसआय दाब आणि अत्यंत मंद गती यांची जोडी वापरतात. सैल टायर दगडाला कवेत घेतो, पण त्याच वेळी त्याच्या बाजूच्या भिंती बाहेर फुगतात. टायरचा हा सर्वांत पातळ भाग असून तो फाटल्यास सहसा दुरुस्त होत नाही. सह्याद्रीतील फुटलेल्या बेसॉल्टच्या कडा धारदार असतात, त्यामुळे तेथे दाब फार खाली नेणे शहाणपणाचे ठरत नाही.

खोल हिमावर दाबाची सर्वांत खालची पातळी गाठली जाते. आइसलँडच्या हिमनद्यांवर ३८ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे टायर लावलेली वाहने २ ते ५ पीएसआय दाबावरही चालविली जातात. इतक्या कमी दाबाला टायर जवळजवळ सपाट दिसतो, पण गाडी हिमावर तरंगत पुढे जाते. हे सामान्य आकाराच्या टायरला जमणारे नाही.

डाकार रॅलीसारख्या स्पर्धांत दाबाचे महत्त्व नियमांतही दिसून आले आहे. दोनच चाकांना शक्ती असलेल्या बग्गींना चालत्या गाडीतून दाब बदलण्याची मुभा काही वर्षे होती, पण चारही चाकांना शक्ती असलेल्या गाड्यांना ती नव्हती. या सवलतीमुळे बग्गी वाळूत त्यांच्या तोडीस तोड ठरत.

उंची व तापमान

दाबमापक टायरमधील आणि बाहेरच्या हवेच्या दाबांतील फरक दाखवतो. त्यामुळे उंचीवर गेल्यास, टायरमधील हवा तेवढीच असूनही, मापकावरील आकडा वाढतो. समुद्रसपाटीवर ३५ पीएसआय भरलेल्या टायरचा दाब सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेह येथे, तापमान तेच असल्यास, ४० पीएसआयच्या जवळ दिसेल. थंडीचा परिणाम याच्या उलट असतो; तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की दाब दीड पीएसआयच्या आसपास घटतो. महाराष्ट्रातून उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्या वाहनांत हे दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. तरीही उंचीवर दुपारच्या उन्हात आकडा वाढलेला पाहून हवा काढली आणि तशीच गाडी मैदानी प्रदेशात उतरविली, तर सखल भागातील थंड सकाळी टायर धोकादायकरीत्या सैल आढळू शकतो. म्हणून दाब टायर थंड असताना मोजावा आणि उंचीत मोठा बदल झाल्यावर पुन्हा तपासावा, असे सांगितले जाते. चालून तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढू नये.

पक्क्या रस्त्यावर परतणे

वाळूतून किंवा चिखलातून सुखरूप बाहेर आल्यावर चालक निर्धास्त होतो, आणि नेमकी तेव्हाच चूक घडते. हवा भरण्याची जागा पुढे कुठेतरी मिळेल या भरवशावर १५-१८ पीएसआयवर महामार्गावर वेग घेतल्यास टायर काही किलोमीटरांतच अतिशय तापू शकतो. टायर सैल असेपर्यंत वेग कमी ठेवणे आणि वळणे सावकाश घेणे आवश्यक असते. यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर व विश्वासार्ह दाबमापक जवळ बाळगतात. फाटलेला टायर हवा भरून वाचत नाही, त्यामुळे स्टेपनीचा दाबही निघण्यापूर्वी तपासला जातो. ती बहुधा विसरली जाते.

कमी दाब, मोठा भार आणि वेग यांच्या संबंधाची सर्वाधिक चर्चा २००० साली अमेरिकेत झाली, आणि ती ऑफ-रोड वाहनचालनातून नव्हे तर महामार्गावरील अपघातांतून. फायरस्टोन कंपनीच्या काही टायरांचा वरचा थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्याच्या घटनांत २०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले आणि लाखो टायर परत मागविण्यात आले. फोर्डने या गाडीसाठी सुचविलेला २६ पीएसआय दाब कमी असल्याचे टायर उत्पादकाचे म्हणणे होते, तर दोष टायरमध्येच असल्याचे फोर्डचे. या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळे अमेरिकेत नव्या मोटारींना टायरचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. ऑफ-रोड प्रवासात मात्र या यंत्रणेचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि चालकाला त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. पक्क्या रस्त्यावर परतल्यावर तोच दिवा खरा इशारा देत असतो.

पर्यावरण व निर्बंध

कमी दाबाच्या टायरने चाकोऱ्या उथळ पडतात आणि माती कमी दाबली जाते. याच कारणासाठी शेतीतील ट्रॅक्टरांचे मोठे टायरही मोटारींच्या तुलनेत बऱ्याच कमी दाबावर चालविले जातात. तरीही दाब कमी केल्याने वाहनाचे वजन नाहीसे होत नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन चालविण्यास बंदी असून तिचे उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई होते. कोकणातील वेळास व आंजर्ले, तसेच गोव्यातील मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत खड्डा करून अंडी घालतात. ही घरटी वरून दिसत नाहीत. दाबल्या गेलेल्या वाळूतून पिल्लांना वर येणे कठीण होते आणि बाहेर पडलेली पिल्ले खोल चाकोरीत अडकल्यास समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत.