एका पिंजऱ्यात दोन वटवाघळे

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून तिन्हीसांजेला पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळे, बाहेर पडतात. त्यांच्या जाती कशा ओळखतात, असे शिक्षक आम्हाला विचारतात. जाळे लावून धरतो, पाहतो आणि सोडून देतो, हे त्याचे उत्तर. पण जाळ्यात अडकलेल्या जिवाला शत्रूपासून वाचवायचे कोणी? हा प्रश्न कसा पुढे आला ते पाहू या.

एडवर्ड ब्लाइथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. एका संध्याकाळी त्यांनी खोलीत शिरलेल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाचा पाठलाग केला. तेव्हा त्याच्या तोंडातून काहीतरी खाली पडले. त्यांना ते पिल्लू वाटले. प्रत्यक्षात ती कानामागे जखम झालेली, रक्तबंबाळ पाकोळी होती. पुढे दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर मोठ्याने पाकोळीला पकडून खाल्ले. उरले ते डोके आणि पायापंखांचे तुकडे. ही हकीकत १८४२ साली छापून आली. मेगाडर्मा लायरा नावाने ओळखले गेलेले हे वटवाघूळ महाराष्ट्रातही आढळते. बेडूक, उंदीर आणि लहान वटवाघळे हे त्याचे खाद्य.

१९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, ती नाशिकला लागून असलेल्या खानदेशातून. तेव्हा नमुने मारून कातडी आणि कवट्या जमवत. साहजिकच रक्षणाचा प्रश्नच नव्हता.

तो आला जिवंत पकडण्याच्या पद्धतीबरोबर. जपानमधली, नजरेला न दिसणारी बारीक जाळी दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पोचली. १९५८ मध्ये कॉन्स्टंटाइन यांनी उभ्या तारांचा सापळा तयार केला. तारांवर आपटलेले वटवाघूळ खालच्या पिशवीत घसरते. १९७४ मध्ये टटल यांनी त्यात सुधारणा केली. पण पिशवीत लहानमोठी एकत्र पडली, की ब्लाइथच्या पिंजऱ्याची पुनरावृत्ती व्हायची!

जाळ्यातला धोका वेगळा. अडकलेली पाकोळी ओरडते, फडफडते. मेगाडर्मा तर भक्ष्याच्या आवाजाच्या रोखानेच शिकार करते. घुबड, मांजर, साप यांनाही आयते भक्ष्य मिळते. म्हणून जाळे लावून निघून जायचे नाही. दर काही मिनिटांनी ते पाहायचे, खालची कड जमिनीला टेकू द्यायची नाही, प्रत्येकाला स्वतंत्र कापडी पिशवीत ठेवायचे आणि काम होताच सोडायचे. माणसे कमी असतील तर जाळीही कमी लावायची.

शिकार हा निसर्गाचा क्रम आहे, मग एवढी काळजी कशाला, असे विद्यार्थी विचारतील. मोकळ्या हवेत पाकोळीला निसटण्याची संधी असते. ती संधी आम्ही काढून घेतलेली असते. म्हणून जबाबदारीही आमचीच.

वटवाघळे पकडायला परवाना आणि प्रशिक्षण लागते. विद्यार्थ्यांनी त्यांना हात लावू नये. वाड्यासमोर दूर बसून बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या मोजाव्यात. तीही पाहणीच, आणि तिच्यात कोणाचाच जीव टांगणीला लागत नाही.