घरातील बिनतारी वेगाचा इतिहास

बिनतारी संदेशवहनाची कथा सांगावयाची म्हटले म्हणजे मार्कोनी आणि जगदीशचंद्र बसू यांच्यापासून आरंभ करावयाचा, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. परंतु आजच्या मध्यमवर्गीय घरात जो प्रश्न वारंवार उपस्थित होतो तो याहून पुष्कळच साधा आहे. नवा, महागडा राउटर आणून भिंतीवर टांगला, तरी जुन्या लॅपटॉपचा वेग का वाढू नये? दुकानदाराने फसविले, असे म्हणून बहुतेक मंडळी मोकळी होतात. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर दुकानात नसून गेल्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासात आहे.

१९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने लहरींचे तीन पट्टे, काही अटींवर, परवान्यावाचून वापरावयास दिले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीचा. तेथील गोंगाटामुळे त्यास कोणी फारसे मोल देत नसे. गावाबाहेरचे गायरान सर्वांस खुले व्हावे, तसाच हा प्रकार झाला. रोकड मोजण्याची यंत्रे बनविणाऱ्या एन. सी. आर. कंपनीस आपली यंत्रे तारांवाचून जोडावयाची होती. तिच्याकडील व्हिक्टर हेस यांच्या अध्यक्षतेखाली १९९० साली आय. ई. ई. ई. या संस्थेची समिती बसली आणि १९९७ मध्ये पहिला नियमग्रंथ निघाला. वेग किती? दर सेकंदास १ किंवा २ मेगाबिट!

वेग वाढविण्यात खरी अडचण भिंतींची होती. देवळाच्या घुमटाखाली भरभर बोलू लागले की मागील शब्दाचा प्रतिध्वनी पुढील शब्दात मिसळतो आणि ऐकणाऱ्यास काहीच उमगत नाही. खोलीतील लहरींचीही हीच गत होते. ऑस्ट्रेलियातील सी. एस. आय. आर. ओ. या सरकारी संशोधनसंस्थेत जॉन ओ'सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय योजिला. एकाने घाईने बोलण्याऐवजी अनेकांनी निरनिराळ्या सुरांत एकाच वेळी सावकाश बोलावे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. गंमत अशी की, ओ'सलिव्हन मूळचे आकाशातील रेडिओलहरींचे अभ्यासक. स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे संकेत त्यांनी पूर्वी शोधले होते व ते सापडले नव्हते. १९९६ साली या संस्थेस अमेरिकन पेटंट मिळाले आणि पुढे २००९ व २०१२ मधील तडजोडींत मोठ्या कंपन्यांकडून तिला भरघोस रकमाही मिळाल्या. मात्र वाय-फायचा शोध सर्वस्वी ऑस्ट्रेलियाचाच, हा दावा आम्हांस अंमळ फुगविलेला वाटतो. अनेक सुरांत संदेश विभागण्याची मूळ कल्पना बेल प्रयोगशाळेत १९६६ सालीच मांडली गेली होती.

१९९९ मध्ये दोन नवे नियम आले. त्यांपैकी 'ए' ५४ मेगाबिटचा आणि 'बी' ११ चा. खपला तो स्वस्त असलेला 'बी'. २००३ साली 'जी'ने त्याच २.४ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिट साधले. पण जुन्यास वाऱ्यावर सोडावयाचे नाही, हा या घराण्याचा कुलाचार. 'बी'चे एखादे जुने यंत्र जाळ्यात शिरले की नव्या यंत्रांस प्रत्येक वेळी आधी जुन्या बोलीत सूचना देऊन मगच बोलावे लागे. आजोबांस ऐकू जावे म्हणून साऱ्या घराने सावकाश बोलावे, तसे ते होते. ही व्यवस्था आम्हांस मुळीच मूर्खपणाची वाटत नाही. तिच्यामुळेच कालचे यंत्र आज निरुपयोगी ठरले नाही. परंतु तिची किंमत वेगाने चुकवावी लागली.

२००९ च्या 'एन'ने तर शत्रूसच चाकरीस लाविले. ज्या प्रतिध्वनींनी घोळ घातला होता, त्यांच्याच आधाराने अनेक अँटेनांवाटे निरनिराळे प्रवाह एकाच वेळी पाठविण्याची सोय झाली. खोक्यावर छापतात तो ६०० मेगाबिटचा आकडा चार प्रवाहांचा. लॅपटॉपमध्ये अँटेना दोनच असतील तर तो अर्ध्यावर येतो, आणि प्रत्यक्ष वापरात त्याहूनही पुष्कळ खाली. २०१३ चा 'एसी' केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालतो. ज्या लॅपटॉपास तो पट्टाच ऐकू येत नाही, त्याच्यापुढे नवा राउटर जुनीच बोली बोलतो. २०२१ च्या 'एएक्स'बाबतही व्यवहार हाच: दोघांस जे येते तेवढेच.

भारतात २.४ चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झची मोकळीक २०१८ मध्ये बरीच वाढली. तेव्हा आपल्याकडील जुन्या लॅपटॉपांत उणीव असते ती बहुधा आतल्या बिनतारी कार्डाची. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीपलीकडे लवकर मंदावतात, म्हणून राउटर माजघराच्या कोपऱ्यात दडवू नये. काही लॅपटॉपांत ते कार्ड तळाच्या झाकणाखाली लहानशा स्क्रूने बसविलेले असते व थोडक्या खर्चात बदलता येते. जेथे ते पक्के डकविलेले असते, तेथे यू. एस. बी.च्या खाचेत बसणारे बोटभर यंत्र लावून भागते. मात्र घरात येणारी जोडणीच मुळात २० मेगाबिटची असेल, तर यांपैकी कशानेही इंटरनेटचा वेग वाढणार नाही.