शेवट न सापडलेले भुयार

कान्हेरीच्या डोंगरात एक भुयार आहे आणि त्याचा शेवट कुणालाच सापडलेला नाही, अशी वदंता सोळाव्या शतकात साष्टी बेटावर सर्वतोमुखी होती. दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने ती आपल्या ग्रंथाच्या सातव्या 'देकादा'मध्ये टिपून ठेवली आहे. भुयार थेट खंबायतेपर्यंत जाते असे लोक सांगत. तेव्हा आंतोनियो दो पोर्तो नावाचा एक फ्रान्सिस्कन पाद्री हट्टाला पेटला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात चर्च थाटणारा पाद्री तो हाच. त्याने एक सोबती घेतला, वीसेक माणसे घेतली, बंदुका, शिधा आणि वाट हरवू नये म्हणून दोर घेतले, आणि ही मंडळी आत शिरली. कुतो म्हणतो, सात दिवस ती चालत होती. शेवट लागला नाही तेव्हा हात हलवीत परत आली.

कान्हेरी पाहिलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत, पण ती सुटी सुटी, डोंगराच्या अंगावर उघड्यावर कोरलेली. एका विहारातून बाहेर यावे, पायऱ्या चढाव्या, दुसऱ्यात जावे. सात दिवस चालण्याजोगे भुयार त्यात कुठेच नाही. मग पाद्रीबोवा चालले कुठे? वर्षानुवर्षे शाळेची सहल घेऊन मी तिथे जातो, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यासमोर मुलांना बसवतो, ही गोष्ट सांगतो आणि या ठिकाणी थांबतो. मुले ठरल्याप्रमाणे हसतात.

2022 च्या डिसेंबरात मात्र नववीतला एक मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "सर, हे युमे निक्कीसारखं आहे."

हा मुलगा मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतला. टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तरी कितीतरी दिवस तो आलाच नव्हता. आजारी नव्हता, कामालाही लागला नव्हता. नुसता घरात बसून असे. आला तोही मागच्या बाकावर बसे आणि विचारल्याखेरीज बोलत नसे. तो आपण होऊन बोलला, म्हणून मी त्या नावाच्या मागे लागलो.

'युमे निक्की' म्हणजे स्वप्नांची रोजनिशी. हा संगणकावर खेळायचा जपानी खेळ. 2004 च्या जूनमध्ये तो फुकट वाटला गेला. कर्ता 'किकियामा' या नावाने वावरतो. तो पुरुष की स्त्री, तरुण की म्हातारा, हे जगाला आजही माहीत नाही. खेळात एक मुलगी आहे. तिच्या खोलीत पलंग, टेबल, दूरचित्रवाणीचा संच आणि बाहेर छोटीशी गॅलरी. खोलीचे दार तुम्ही कितीही उघडू पाहा, ती नकारार्थी मान हलवते. ती फक्त झोपते आणि स्वप्नात जाते. स्वप्नात एका दालनात बारा दारे असतात आणि प्रत्येक दारामागे निराळा प्रदेश: कुठे बर्फ, कुठे पांढरे वाळवंट, कुठे काळोखात चमकणाऱ्या खुणा. त्यांत कुणी बोलत नाही. काय करायचे हे कुणी सांगत नाही. शत्रू मारायचे नाहीत, गुण मिळत नाहीत, घड्याळ लावलेले नाही. कंटाळा आला की एक कळ दाबायची. मुलगी आपल्या गालाला चिमटा काढते आणि खोलीत जागी होते.

अशा खेळाचा हा पहिला नमुना नव्हे. 1998 मध्ये ओसामु सातो या जपानी कलावंताने 'एल.एस.डी.' नावाचा खेळ प्लेस्टेशन यंत्रासाठी काढला होता. तो काढणाऱ्या कंपनीतल्या हिरोको निशिकावा या बाईंनी वर्षानुवर्षे आपल्या स्वप्नांची टाचणे ठेवली होती, त्यांवर तो उभा होता. भिंतीला धडकले की माणूस दुसऱ्याच जागी जाऊन पडतो, आणि दहाएक मिनिटांत स्वप्न आपोआप सरते. त्या वेळी त्याला फारसे गिऱ्हाईक लाभले नाही. कौतुक झाले ते पुष्कळ वर्षांनी.

आपल्याकडच्या जुन्या खेळांना असले काही मानवले नसते. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने घातलेला मोक्षपट घ्या. त्यातही माणूस घराघरांतून हिंडतो, चढतो, घसरतो. पण शेवटच्या घरात मोक्ष लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. शेवट माहीत असल्याशिवाय कवडी टाकायची नाही, हा आपला बाणा.

म्हणूनच की काय, 'युमे निक्की'बद्दल खेळणाऱ्यांची मते ऐकली तर एकाच खेळाविषयी ही माणसे बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. एक तट म्हणतो, यात काही घडतच नाही; नुसती पायपीट. दुसऱ्याला वाटते की इतके खरे स्वप्न कुणी बांधलेच नाही. तिसरा तट सर्वांत उद्योगी. त्याने त्या मूक मुलीचे सगळे आयुष्य रचून टाकले: तिला लहानपणी अपघात झाला असावा, तिच्यावर कुणी अत्याचार केला असावा, तिला अमुक आजार असावा. खेळात याला तोंडी-लेखी आधार एका शब्दाचा नाही. एका घरात दिवा मालवला तर सुमारे 64 वेळांतून एकदा एक भेसूर चेहरा समोर येतो. त्याचे 'उबोआ' हे नावसुद्धा खेळणाऱ्यांनीच ठेवले आहे. 2018 मध्ये हाच खेळ नव्या रूपात निघाला. त्यात हिंडण्याला बरेच वळण लावलेले, पुढे कुठे जायचे ते पुष्कळसे ठरलेले. जुन्या खेळणाऱ्यांतले कितीतरी त्यावर रुसले. जे कोडे सुटत नाही म्हणून कुरकुरत होते त्यांतलेही काही रुसले, याची मला गंमत वाटते.

मी स्वतः दोन संध्याकाळी खेळून पाहिला. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास काळोखात फिरलो आणि पहिल्या तटाला जाऊन मिळालो. दुसऱ्या संध्याकाळी एका अंतराळयानात एकटाच बसून पेटीसारखे वाद्य वाजवणारा कुणी भेटला. त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. का थांबलो ते मला सांगता येणार नाही. कादंबरीत असे पात्र घातले असते तर तिसऱ्या पानावर त्याला बोलायला लावले असते.

आता पुन्हा कान्हेरी. कुतोच्या काळी तिथल्या शिलालेखांची लिपी वाचता येणारा माणूस उरलेला नव्हता. बांधणारे कोण, कशासाठी, हे सांगणारा मूक झालेला होता, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गाठीचे त्यात ओतले. पाद्र्याला भुयार हवे होते, त्याला भुयार सापडले. याहून विलक्षण गोष्ट कुतोनेच नोंदवली आहे. एका राजाला ज्योतिष्यांनी सांगितले, तुझा मुलगा विरक्त होईल. राजाने त्याला महालात कोंडले, सगळी सुखे पुरवली, बाहेरचे दुःख दिसू दिले नाही. अखेर मुलाला आजारी माणूस, म्हातारा आणि प्रेत दिसलेच आणि तो बाहेर पडला. ही लेणी त्या राजाशी जोडलेली, असे लोक सांगत. कुतोला वाटले की हा तर आपला संत जोसाफात! आणि त्याचे चुकलेही नव्हते. बुद्धाची कथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशा भाषांतून फिरत फिरत युरोपात गेली, वाटेत 'बोधिसत्त्व' या शब्दाचे 'जोसाफात' झाले आणि तो चर्चच्या संतमालिकेत जाऊन बसला. ज्या मूर्तीसमोर पोर्तुगीज उभे होते ती त्यांच्याच संताची होती.

1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. दोनच वर्षांनी बर्ड याने चैत्यासमोरचे स्तूप खणले. 1860 च्या सुमारास वेस्ट याने लेखांच्या नकला केल्या. भुयार विरून गेले. लेख बोलू लागले ते अगदी साधे: कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी दिली; कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. लोहाराने वाट दिली, हे मी मुलांना दरवर्षी मोठ्याने सांगतो. आणि 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 या सालांतले. काही पारशी तिथे आले आणि आपली नावे व दिवस कोरून गेले. अमुक अमुक इथे आले; मत काही नाही. त्या डोंगरावर आलेल्यांत मला ही मंडळी सर्वांत सभ्य वाटतात.

'युमे निक्की'चा प्रिन्सेप निघालेला नाही, कर्ता बोलत नाही. म्हणून तिथे मते हेच शिलालेख, आणि ते मत देणाऱ्याविषयीच अधिक सांगतात. हे मला उशिरा उमगले, कारण त्या खेळाला शेवट आहे हे मला उशिरा कळले. स्वप्नांत विखुरलेल्या चोवीस वस्तू गोळा करून त्या दालनात ठेवल्या की मुलगी जागी होते. गॅलरीत एक जिना उभा असतो. ती तो चढते आणि उडी घेते.

हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. महिनोन्महिने खोलीबाहेर न पडलेला माझा विद्यार्थी आणि हा खेळ! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावले. आडवळणाने विचारायचे ठरवले होते, पण मास्तरकीला आडवळण साधत नाही, सरळ विचारले, "तुला तो शेवट काय वाटतो?"

खेळणाऱ्यांत यावर वीस वर्षे वाद चालू आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. कित्येक म्हणतात, ती आत्महत्या करते. काही म्हणतात, खोली हेसुद्धा एक स्वप्नच होते.

तो म्हणाला, "सर, ती मरत नाही. जागी होते. स्वप्नात पडलं की आपण जागे होतोच ना?"

"आणि जागी होऊन?"

"दार उघडत असेल." मग जरा थांबून म्हणाला, "मी तो शेवट एकदाच केला. परत नाही केला. मला नुसतं फिरायला आवडतं."

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन आलो. आईने चहा केला. एका खोलीचे घर. मागच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे जंगल दिसते, म्हणजे कान्हेरीचाच डोंगर, पलीकडच्या अंगाने. आई म्हणाली, सहलीनंतर दोनदा मित्राबरोबर बोरिवलीला जाऊन आला, तिकिटाचे पैसे मागून घेतले. असल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचे नाहीत हे मी जाणतो, तरी त्या वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवून होतो. पुढे तो दहावी झाला.

2024 च्या जुलैत ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. याच उद्यानाखालून सव्वादहा किलोमीटर. पाद्रीबोवांचे भुयार अखेर खरे होणार म्हणायचे, फक्त त्याचे दोन्ही शेवट नकाशावर आधीच आखलेले आहेत.

सहलीच्या दिवसाची एक बारीकशी गोष्ट राहिली. बस सुटायची वेळ झाली तेव्हा तो वरच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर एकटाच बसलेला होता. मी खालून हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, गालाला चिमटा काढला आणि उड्या मारीत खाली आला. मला वाटले, डास चावला असेल.